सॅलॅमँडरचा पाय आणि एका प्रथिनाच्या बातम्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सॅलॅमँडरचा तुटलेला पाय पुन्हा उगवतो, त्यामागचे प्रथिन शास्त्रज्ञांना सापडले, आता माणसाचा हातही उगवणार, अशा अर्थाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर अधूनमधून झळकतात. दर खेपेला प्रथिनाचे नाव नवे असते आणि मागच्या खेपेच्या प्रथिनाचे पुढे काय झाले, हे कुणी विचारत नाही. सगळा दोष बातमीदारांना देणे बरोबर नाही. संशोधन संस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांतच मीठमसाला पुरेसा असतो. पण अपघातात हात गमावलेला माणूसही ही बातमी वाचत असतो, म्हणून हे पत्र.

पाय उगवून आणणारे असे एक प्रथिन नाही. शेकडो प्रथिने ठरावीक क्रमाने कमी-जास्त होतात. त्यातली बरीचशी आधी कमी व्हावी लागतात, आणि बातम्यांतून नेमके हेच निसटते.

या संशोधनात सर्वाधिक वापरला जाणारा प्राणी म्हणजे ॲक्सोलॉटल, मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को कालव्यांतला. जन्मभर कल्ले बाळगणारा, पाण्यातच राहणारा हा सॅलॅमँडर. त्याचा पुढचा पाय दंडातून कापला की रक्त लगेच थांबते आणि कडेच्या त्वचेच्या पेशी सरकत येऊन लहान प्राण्यात एका दिवसाच्या आत जखम झाकतात. या झाकणाखाली आतली जाड त्वचा नसते. म्हणूनच कापलेल्या टोकावर पूर्ण जाडीची त्वचा ओढून टाके घातले, तर पाय उगवत नाही. माणसाच्या शस्त्रक्रियेत जे चांगले काम मानले जाते, ते इथे प्रक्रियाच बंद पाडते. याउलट, मऊ ऊती आकसून हाडाचे टोक बाहेर डोकावत राहिले तर झाकण नीट बसत नाही. म्हणून प्रयोगात ते टोक छाटून मांसाच्या पातळीवर आणतात.

त्यानंतरचे काही दिवस बाहेरून काहीच घडत नाही असे वाटते. आत मात्र मोडतोड चाललेली असते. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज या गटातली विकरे पेशींभोवतीचे कोलॅजन कापतात, हाडाची कड झिजते, स्नायूंचे तंतू विस्कटतात. महाभक्षक पेशी कचरा उचलतात. या पेशी औषधाने नाहीशा केल्या तर जखम भरते, व्रण राहतो, पण पाय येत नाही, हे २०१३ साली ऑस्ट्रेलियातल्या गटाने दाखवले. वर सांगितलेली विकरे रसायनाने अडवली तरी थोडेफार तसेच होते: २००५ साली न्यूट या दुसऱ्या सॅलॅमँडरवर केलेल्या प्रयोगात आखूड, वेडेवाकडे पाय किंवा व्रण पडलेली थोटकी राहिली. मोडतोड नीट झाली नाही, तर बांधकाम सुरूच होत नाही.

मग टोकाशी पेशींचा एक गोळा जमतो. त्याला ब्लास्टेमा म्हणतात. हा वाढतो, चपटा होतो, त्याला बोटांच्या खाचा पडतात. लहान प्राण्यात दीड-दोन महिन्यांत पाय दिसू लागतो, मोठ्यात याहून बराच जास्त वेळ जातो. या गोळ्यातल्या पेशी वाटेल ते होऊ शकतात, असा समज एकेकाळी होता. २००९ साली जर्मनीतल्या गटाने पेशींना चमकणारे प्रथिन लावून माग काढला, तेव्हा दिसले की स्नायूतून आलेली पेशी स्नायूच करते, चेतापेशींच्या वेष्टनातून आलेली वेष्टनच. बातम्यांत ‘पेशी पुन्हा भ्रूणावस्थेत जातात’ हे वाक्य अजूनही सर्रास येते. ते आता खोडायला हवे.

त्याच वर्षी अमेरिकेत इंडियानापोलिस इथल्या गटाने ॲक्सोलॉटलच्या कापलेल्या पायातली प्रथिने पहिल्या, चौथ्या आणि सातव्या दिवशी मोजली आणि न कापलेल्या ऊतीशी ताडून पाहिली. ३०९ प्रथिनांत लक्षणीय फरक होता. स्नायूंची आणि पेशींच्या सांगाड्याची कितीतरी प्रथिने घटली होती. पेशीला ताणातून आणि मृत्यूपासून वाचवणारी काही वाढली होती. सर्वांत मजेशीर निघाले ते ईव्हीआय५. हे तिन्ही दिवशी वाढलेले होते, आणि त्याचे काम पेशीला विभाजनात घाईने शिरू न देण्याचे. म्हणजे पेशी आपल्या जनुकसंचाची प्रत काढतात, पण विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबवल्या जातात. वाढीची घाई असायला हवी तिथे आधी लगाम! एकाच दिवशीचा एकच नमुना घेतला असता तर या गोष्टीचा पत्ता लागला नसता.

पेशींभोवतीचे जाळेही बदलते. पहिल्या प्रकारचे ताठ कोलॅजन मागे पडते आणि टेनॅसिन-सी, फायब्रोनेक्टिन ही प्रथिने व हायलुरोनिक आम्ल पुढे येते. हे शेवटचे प्रथिन नव्हे, साखरेची लांब साखळी आहे. अशा मऊ, पाणीदार जाळ्यातून स्नायूंच्या पूर्वज पेशी सहज सरकतात. (कोलॅजनची भुकटी पुनर्जननाच्या नावाने विकत घेणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की सॅलॅमँडर सुरुवातीला कोलॅजन काढून टाकतो, आणि खाल्लेले कुठलेही प्रथिन पोटात तुटून त्याची अमिनो आम्ले आणि लहान तुकडेच होतात.)

आता मोजणीबद्दल, कारण बातम्यांतले बहुतेक गोंधळ इथून निघतात. ‘प्रथिन दसपट वाढले’ हे वाक्य लिहिण्यापूर्वी काय काय करावे लागते ते पाहा. प्राण्याला बेंझोकेन किंवा एमएस-२२२ या औषधाच्या पाण्यात भूल देतात. एमएस-२२२ आम्लधर्मी असल्याने त्याचे पाणी आधी उदासीन करावे लागते, नाहीतर त्वचा भाजते आणि तो ताणही मोजणीत उतरतो. ब्लास्टेमा कापून लगेच द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकतात. इथे मिनिटे मोलाची असतात, कारण ऊतीत आधीच प्रथिने कापणारी विकरे भरपूर आहेत. उशीर झाला तर जखमेने केलेले तुकडे कोणते आणि नळीत झालेले कोणते, हे ओळखता येत नाही. मग ८ मोलर युरियात प्रथिने विरघळवतात. ही नळी तापवायची नाही. युरियापासून सायनेट तयार होते, ते प्रथिनातल्या लायसिन या अमिनो आम्लाला चिकटते, तुकड्याचे वजन ४३ डाल्टनने (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक) वाढते आणि प्रथिनाचे तुकडे करणारे ट्रिप्सिन हे विकर तिथे कापायचे थांबते. प्रथिनातले गंधकाचे पूल तोडून ते पुन्हा जुळू नयेत म्हणून आयोडोॲसिटामाइड हे रसायन लावतात, तेही अंधारात. मग युरिया २ मोलरच्या खाली पातळ करून पन्नास भाग प्रथिनाला एक भाग ट्रिप्सिन घालतात आणि ३७ अंशांवर रात्रभर ठेवतात. युरिया पातळ करायला विसरले तर ट्रिप्सिनच लुळे पडते. सकाळी मिळालेले तुकडे क्षार काढून वस्तुमान वर्णपटमापकात जातात.

यंत्र तुकड्यांची वजने देते. कोणता तुकडा कोणत्या प्रथिनाचा हे माहीत असलेल्या प्रथिनांच्या यादीशी ताडून ठरते. ॲक्सोलॉटलचा पूर्ण जनुकसंच २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो ३२०० कोटी अक्षरांचा, म्हणजे माणसाच्या सुमारे दहापट आहे. त्याआधीच्या अभ्यासांना माणसाच्या आणि इतर प्राण्यांच्या याद्यांवर पुष्कळ विसंबावे लागे. त्यामुळे सॅलॅमँडरची खास स्वतःची प्रथिने त्या काळच्या तक्त्यांत कमी दिसतात. ती नव्हती म्हणून नव्हे, यादीत नव्हती म्हणून.

केरॅटिनची तर वेगळीच कटकट आहे. एरवी केरॅटिन दिसले की ते प्रयोग करणाऱ्याच्या त्वचेचे, केसांचे, म्हणजे घाण समजून संगणक बाजूला टाकतो. पण इथे जखमेवरचे झाकणच त्वचेच्या पेशींचे आहे. केरॅटिनातला बदल ही खरी माहिती आहे. सगळे टाकले तर ती जाते, सगळे ठेवले तर आपल्या हाताची त्वचा सॅलॅमँडरच्या खात्यात जमा होते. उपाय एकच: फक्त ॲक्सोलॉटलच्याच क्रमाशी जुळणारे, माणसाच्या केरॅटिनात नसलेले तुकडे मोजायचे, आणि हातमोजे घालून गाळलेल्या हवेच्या पेटीत काम करायचे.

शिवाय हिमोग्लोबिन, ॲक्टिन, मायोसिन या रक्तातल्या आणि स्नायूंतल्या प्रथिनांचे प्रमाण इतके प्रचंड असते की एफजीएफ८ किंवा सॉनिक हेजहॉगसारखी संदेशवाहक प्रथिने शोधणे म्हणजे जत्रेच्या गर्दीत कुजबुज ऐकण्यासारखे. यंत्राला ती दिसली नाहीत, म्हणून ती बदलली नाहीत असे म्हणता येत नाही.

आणि तुलना कशाशी केली? न कापलेल्या पायात स्नायू भरपूर, ब्लास्टेमात जवळजवळ नाहीत. मग ‘मायोसिन घटले’ यात नवल काय? ते पेशींनी कमी केले की त्या पेशीच नमुन्यात उरल्या नाहीत, हे या एका तुलनेवरून कळत नाही. चांगल्या अभ्यासात आणखी दोन नमुने असतात: पाय न कापता नुसती त्वचेला जखम केलेला, आणि पाय कापून त्याच्या चेता तोडलेला. पुढच्या पायाला पाठीच्या कण्यातून तिसरी, चौथी आणि पाचवी अशा तीन चेता येतात. त्या खांद्याशी तोडल्या की जखम झाकली जाते, पण ब्लास्टेमा होत नाही. चेता पुन्हा वाढतात, म्हणून लांबलेल्या प्रयोगात त्या परत तोडाव्या लागतात. हे राहून गेले तर तुलनेचा नमुनाच हळूहळू पाय उगवू लागतो. जखम तिन्हीकडे आहे, पाय एकाच ठिकाणी उगवतो. तिथेच बदललेली प्रथिने कामाची. बाकीची नुसत्या जखमेची.

‘सातवा दिवस’ असे म्हणून भागत नाही. लहान प्राण्याचा सातवा दिवस आणि थोराड प्राण्याचा सातवा दिवस यांत महदंतर. पाणी १८ अंशांवर आहे की २२, यानेही वेळापत्रक बदलते. म्हणून लांबी, तापमान आणि ब्लास्टेमाचा आकार, तिन्ही लिहावे लागतात. नमुने एकत्र करण्यातही गफलत होते. सुरुवातीचा ब्लास्टेमा जेमतेम मिलिमीटरभराचा, तेव्हा अनेक प्राण्यांचे एकत्र करावे लागतात. पण असे एकच मिश्रण यंत्रातून तीनदा काढले तर यंत्राची खात्री पटते, प्राण्यांची नव्हे. वेगवेगळ्या प्राण्यांची किमान तीन स्वतंत्र मिश्रणे लागतात. शेवटी प्रतिपिंडाने, म्हणजे ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या रेणूने, खात्री करताना सवयीने ॲक्टिनची पट्टी ‘न बदलणारे प्रथिन’ म्हणून शेजारी ठेवतात, आणि इथे नेमके ॲक्टिनच बदललेले असते! त्याऐवजी नमुन्यातली सगळी प्रथिने रंगवून त्यांचा एकूण रंग मोजावा.

एवढे सगळे करूनही हाती लागते ती यादी. यादीतले प्रथिन कारण आहे की परिणाम, हे ते काढून आणि घालून पाहिल्याशिवाय कळत नाही. याचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला २००७ सालचा न्यूटवरचा प्रयोग. जेरेमी ब्रॉक्स यांच्या गटाने आधी पेशीच्या पृष्ठभागावरचे प्रॉड१ हे प्रथिन शोधले होते. ते खांद्याकडे जास्त, पंज्याकडे कमी असते. मग त्याला चिकटणारे एनएजी हे दुसरे प्रथिन सापडले. ते आधी चेतांच्या वेष्टनाच्या पेशींत आणि नंतर जखमेच्या झाकणातल्या ग्रंथींत तयार होते. चेता तोडल्या की दिसत नाही. अशा चेता तोडलेल्या पायात पाचव्या दिवशी एनएजीचे जनुक विजेच्या झटक्याने पेशींत घातले आणि पाय थेट बोटांपर्यंत उगवला. शंभरहून अधिक वर्षे लोक विचारत होते की चेता नेमके काय देतात. त्याचे हे एक ठोस उत्तर. पण पुढची ओळ बातम्यांत येत नाही: एनएजीचे भाऊबंद माणसात आहेत, प्रॉड१ मात्र सॅलॅमँडरांचीच मिरास आहे. किल्ली आहे, कुलूप नाही. शिवाय एनएजीने गोळा वाढला. त्याला कुठली हाडे करायची हे दुसरीकडून कळत होते.

दुसरी गफलत आरएनए, म्हणजे प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेली प्रत, आणि प्रथिन यांच्यातली. आरएनए मोजणे सोपे आणि स्वस्त, म्हणून पुष्कळ ‘प्रथिन वाढले’ प्रत्यक्षात ‘आरएनए वाढला’ असते. २०२३ साली स्टॅनफर्डमधल्या मारिया बार्ना यांच्या गटाने दाखवले की ॲक्सोलॉटलचा पाय कापल्यावर पहिल्या दिवसातच अनेक प्रथिनांचे उत्पादन वाढते, पण त्यांच्या आरएनएचे प्रमाण फारसे हलत नाही; तो आधीच साठवून ठेवलेला असतो आणि जखम होताच वाचायला घेतला जातो. ही चावी फिरवणारे एमटॉर हे प्रथिन आपल्यातही आहे, पण ॲक्सोलॉटलच्या एमटॉरमध्ये काही जादा तुकडे आहेत आणि ते फार हळवे आहे. एमटॉर अडवले की पुनर्जनन खुंटते. नुसता आरएनए मोजणाऱ्याला यातले फारसे काही दिसले नसते.

मोडतोडीचे महत्त्व शेवटपर्यंत टिकते. मनगटातून कापला तर फक्त पंजा यावा, दंडातून कापला तर सगळे यावे, हे पेशीला कसे कळते? २०२५ मध्ये बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या गटाने दाखवले की पंज्याकडच्या पेशींत सीवायपी२६बी१ हे विकर जास्त असते आणि ते रेटिनॉइक आम्ल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचे एक रूप, मोडून टाकते. हे विकर औषधाने अडवले की मनगटाच्या जागी दंडासकट पूर्ण पाय उगवू लागतो. त्याच वर्षी व्हिएन्नातल्या एली तनाका यांच्या गटाने करंगळीकडच्या बाजूची खूण हँड२ या प्रथिनाच्या रूपाने आयुष्यभर थोडी शिल्लक असते, आणि पाय कापला की ती सॉनिक हेजहॉग सुरू करते, हे सिद्ध केले.

अ जीवनसत्त्वाची ताकद आपल्या देशात फार आधी दिसली आहे. भुवनेश्वरच्या उत्कल विद्यापीठातल्या प्रियंबदा मोहंती-हेजमाडी आणि सहकाऱ्यांनी एका भारतीय बेडकाच्या शेपूट कापलेल्या डिंभांना (टॅडपोलना) अ जीवनसत्त्व दिले, आणि शेपटीच्या जागी पाय उगवले. १९९२ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. मराठी पाठ्यपुस्तकांत याला जागा मिळायला हवी होती. मात्र हे वाचून कुणी अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत: जास्त मात्रेने यकृत बिघडते आणि गरोदर स्त्रीच्या बाळाला जन्मजात व्यंग होते.

माणसात आज एवढेच ठाऊक आहे: लहान मुलाच्या बोटाचे टोक शेवटच्या सांध्यापुढे तुटले आणि नखाचे मूळ शाबूत असेल, तर जखम न शिवता स्वच्छ, ओलसर पट्टीखाली ठेवल्यास टोक बऱ्यापैकी भरून येते. शेफील्डच्या सिंथिया इलिंगवर्थ यांनी हे १९७४ मध्ये नोंदवले. कोणत्या बोटाला टाके घालायचे आणि कोणत्या नाही, हे मात्र शल्यचिकित्सकानेच ठरवायचे.

तेव्हा यापुढे अशी बातमी छापताना प्राणी कोणता, नमुना कोणत्या दिवसाचा, तुलना कशाशी, मोजला तो आरएनए की प्रथिन, आणि ते प्रथिन काढून किंवा घालून पाहिले का, एवढे मजकुरात यावे. सगळे मिळून चार ओळी होतील.

जाता जाता एक. ॲक्सोलॉटल आता हौशी मत्स्यालयांतही पोचला आहे. त्याला १६ ते १८ अंशांचे, क्लोरिन काढलेले पाणी लागते. मार्च ते जूनमध्ये आपल्याकडे घरातले पाणी ३० अंशांवर जाते आणि पाणी गार ठेवणारे यंत्र नसेल तर तो खाणे सोडतो, त्याच्या कल्ल्यांवर बुरशी धरते आणि तो मरतो. चित्रफीत पाहून ‘उगवतो का बघू’ म्हणून त्याचा पाय कापणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शाळा-महाविद्यालयांनाही नैतिक समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही. मुलांना पुनर्जनन दाखवायचेच असेल, तर तळ्यातला हायड्रा घ्यावा. तो साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो, मधोमध कापला तर दोन-तीन दिवसांत त्याला नवे शुंडक फुटतात, आणि त्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत अनेक वर्षे काम झाले आहे.

आपले,
विकासजीवशास्त्राचे दोन अध्यापक, पुणे